वारा अडवा, हवा अडवू नका

दिवाळी आटोपली, कार्तिकी पौर्णिमा उलटली की आपल्याकडील वर्तमानपत्रांत रोज सकाळी एक आकडा ठळक अक्षरांत छापून येऊ लागतो. आज पारा १० अंशांवर, उद्या ८ वर. जळगावचा किती, धुळ्याचा किती, याची चहाच्या टपरीवर चर्चा होते. सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या परिसरात दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस शेजारच्या निफाडला पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

परंतु वाचकहो, हा पारा उघड्यावरचा असतो. आपण रात्री उघड्यावर झोपत नाही, घरात झोपतो. आपल्या घरात पहाटे पाच वाजता पारा किती असतो, हे कधी पाहिले आहे काय?

माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना हा प्रश्न मी दर हिवाळ्यात विचारतो. 'घरात काय थंडी, डॉक्टर? थंडी बाहेर,' असेच उत्तर बहुधा मिळते. म्हणून काही घरी मी भिंतीवर टांगायचा साधा तापमापक लावून पाहायला सांगितले. चांगल्या जुन्या मातीच्या घरात आत आणि बाहेर बराच फरक दिसला. पत्र्याच्या खोलीत मात्र पहाटे आतले आणि बाहेरचे तापमान यांत जेमतेम दोन-तीन अंशांचे अंतर होते. म्हणजे तेथे झोपलेली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले जवळजवळ अंगणातच झोपली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

उन्हाळ्यासाठी बांधलेली घरे

आपला खान्देश हा उन्हाळ्याचा मुलूख. मे महिन्यात ४५ अंशांचे आपल्याला नवल वाटत नाही. त्यामुळे घर बांधताना आपण विचार करतो तो उन्हाळ्याचा. मोठ्या खिडक्या, दारावर झडपा, जिन्यातून खेळणारा वारा, पायाखाली गार फरशी. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने आपण कसेतरी 'काढतो'.

यात एक मोठी चूक होते, आणि ती केवळ आपलीच नाही. १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील निरनिराळ्या प्रदेशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थंडी वाढली की हृदयविकार, पक्षाघात आणि श्वसनाचे विकार यांनी होणारे मृत्यू किती वाढतात, हे त्यात पाहिले होते. आपल्याला वाटेल की बर्फाच्या फिनलंडमध्ये ते जास्त वाढत असतील. निघाले उलटेच. पारा सारखाच उतरला तरी मृत्यूंची वाढ उबदार प्रदेशांत अधिक होती. कारण उघड होते. बाहेर ७ अंश तापमान असताना दक्षिण फिनलंडमधील घरांत बैठकीच्या खोलीचे तापमान सरासरी २१.७ अंश होते, तर ग्रीसमधील अथेन्समध्ये १९.२. त्याच थंडीत बाहेर पडताना फिनलंडमध्ये शंभरातील ७२ जण डोक्याला टोपी घालत, अथेन्समध्ये फक्त १३. थंड देशातला माणूस थंडीला ओळखून वागतो, उष्ण देशातला तिला पाहुणी समजतो. आपण या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत थंड व समशीतोष्ण प्रदेशांसाठी हिवाळ्यात घरातील तापमान किमान १८ अंश असावे, असे म्हटले आहे. आपल्याकडे घर तापवण्याची सोय नाही, आणि दोन महिन्यांसाठी ती करावी असेही मी म्हणत नाही. मात्र असलेली ऊब टिकवता येते. त्यासाठी खर्चही फारसा नाही.

अंगातली शेगडी

ऊब येते कोठून? पांघरूण ऊब देते, असे आपण म्हणतो. वास्तविक गोधडीत स्वतःची उष्णता काहीच नसते. उष्णता असते ती आपल्या शरीरात. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात ज्वलन होत असते आणि ही शेगडी रात्रंदिवस पेटती राहून शरीर ३७ अंशांच्या आसपास ठेवते. गोधडीचे काम एवढेच, की ही उष्णता बाहेर पळू द्यायची नाही.

शरीराची उष्णता चार वाटांनी जाते. उघड्या अंगाने बसलेल्या माणसाची सुमारे ६० टक्के उष्णता तर कोणाचाही स्पर्श न होता भोवतालच्या थंड भिंती आणि छताकडे निघून जाते. उन्हात बसल्यावर सूर्याची धग अंगाला लागते ना, तसेच पण उलट दिशेने. म्हणूनच खोलीत वारा नसला तरी पत्र्याखाली झोपणाऱ्याला वरून गारठा 'पडल्यासारखा' वाटतो. दुसरी वाट वाऱ्याची. अंगाभोवती तापलेल्या हवेचा जो पातळ थर असतो, तो वारा ओढून नेतो. तिसरी वाट स्पर्शाची, म्हणजे गार फरशी, लोखंडी खाट. चौथी वाट ओलाव्याची. ओले कपडे, ओले केस, अंथरूण ओले केलेले बाळ यांची उष्णता पाणी वाळताना झपाट्याने जाते.

या चार वाटा लक्षात ठेवल्या म्हणजे घरात काय करावे हे कोणी सांगायची गरज उरत नाही.

केळीला जपता तसे

रावेर, यावलच्या केळी उत्पादकांना थंडीविषयी मी काय शिकवणार? पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, घड अडकतो, हे त्यांना पाठ आहे. म्हणून बागेच्या कडेने शेवरीचे किंवा गजराज गवताचे दाट कुंपण असते. घडाला पिशवी घातली जाते. बुंध्याशी पाचटाचे आच्छादन घालतात. रात्री पाणी देतात, बांधावर शेकोटी करून धूर करतात. नीट पाहिले तर यात तीन तत्त्वे आहेत. वारा अडवणे, अंगावर आवरण घालणे आणि मुळाशी जमीन झाकणे. घरातील माणसांसाठी हीच तीन तत्त्वे चालवायची आहेत. चौथी गोष्ट, शेकोटीची, तिच्याविषयी पुढे वेगळे लिहिणार आहे, कारण बागेत जो धूर चालतो तो खोलीत जीव घेतो.

ऊन साठवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येते. सकाळी नऊ-दहानंतर त्या बाजूची दारे-खिडक्या उघडा, पडदे बाजूला करा. भिंती आणि फरशी तापू द्या. गाद्या-गोधड्या उन्हात टाका. दमट गोधडीत अडकलेली हवा कमी, म्हणून ऊबही कमी. सूर्य मावळायच्या आत मात्र सगळे बंद करा. आपण उन्हाळ्यात याच्या नेमके उलट करतो, दिवसा बंद आणि रात्री उघडे. हिवाळ्यात घड्याळ फिरवायचे, एवढेच.

फटी शोधा. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून व पूर्वेकडून येतो. रात्री त्या बाजूच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत वळला की वाट सापडली. दाराखालच्या फटीला जुन्या साडीचा गुंडाळा किंवा वाळू भरलेली कापडी नळी लावा. काचपट्ट्यांच्या खिडक्या कधीच नीट मिटत नाहीत. त्यांना आतून जाड पडदा किंवा जुने जाजम लावा. दाराला जाड पडदा लावला तर दार उघडताना येणारा झोतही अडतो.

छताकडे पाहा. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना आज कोणी विचारत नाही. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरांवर काड्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दिवसभर ही माती उष्णता हळूहळू पिते आणि रात्री हळूहळू सोडते. पावसाळ्यात गळतात, दरवर्षी माती टाकावी लागते, म्हणून ती गेली आणि त्यांच्या जागी पत्रा आला. पत्रा दुपारी तापतो आणि सूर्य गेला की तासाभरात थंड पडतो. निरभ्र रात्री तर तो आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब ठिबकतात ते यामुळेच. असे छत असेल तर त्याखाली हातभर अंतर सोडून बांबूची ताटी, चटई किंवा प्लायवूडचे दुसरे छत करावे. मधली कोंडलेली हवा हेच खरे पांघरूण. चुलीच्या किंवा गॅसच्या वर थर्माकोल लावू नये, तो चटकन पेट घेतो. हा खर्च दोन महिन्यांसाठी वाटत असेल तर एक विचार करा. हेच छत मे महिन्यात तुमचे उन्हापासून रक्षण करणार आहे. एकाच खर्चात दोन्ही ऋतू साधतात.

अंथरूण आधी, पांघरूण नंतर. रुग्णांच्या घरी गेलो की एक गोष्ट नेहमी दिसते. अंगावर दोन ब्लँकेटे आणि खाली एक चटई. गार फरशी पाठीतून रात्रभर ऊब ओढत असते. दोन गोधड्या असतील तर एक खाली घाला. सुती गादी नसेल तर गोणपाट, वर्तमानपत्रांचे पाच-सहा थर किंवा पुठ्ठा फरशीवर टाका, त्यावर गोधडी. बाजेवर झोपणाऱ्यांनी तर हे करावेच, कारण बाजेच्या विणीतून खालून वारा लागतो. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे, त्यांच्यामध्ये हवा अडकते. डोक्याला टोपी किंवा मफलर, पायांत मोजे. बारीक, उंच खाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर घ्यावी.

घरातली सर्वांत गार जागा कोणाची?

आता जरा अवघड विषयाकडे वळतो. गेल्या अनेक वर्षांत घरोघर जाऊन मी एक पाहिले आहे. घरातली सर्वांत उबदार जागा, म्हणजे आतली खोली, तरुण मंडळींची असते. मधल्या खोलीत मुले. आणि आजोबा किंवा आजी ओसरीवर, पडवीत, जिन्याखाली किंवा मागच्या पत्र्याच्या खोलीत. यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. रात्री त्यांना खोकला येतो, लघवीला तीनदा उठावे लागते, कोणाची झोपमोड नको म्हणून तेच ती जागा मागून घेतात.

एका आजींना मी थंडीबद्दल विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, 'दादा, माले थंडीच वाजत नही.' सुनेला वाटले, सासूबाई कणखर. मला काळजी वाटली ती याचीच. उतारवयात थंडी कळण्याची जाणीव बोथट होते. कुडकुडणे म्हणजे शरीराने स्वतःला गरम करण्यासाठी स्नायू हलवणे. तेही वयाबरोबर कमी होते. अंगावर मांस राहत नाही, जेवण घटते, म्हणजे शेगडीत कोळसाच कमी पडतो. थंडी वाजत नाही याचा अर्थ थंडी बाधत नाही असा नव्हे. थायरॉईडचे काम मंदावलेले असेल, मधुमेह असेल, झोपेची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त दाट होते. म्हणून पहाटेच्या थंडीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त दिसतात. उबदार अंथरुणातून उठून अंगण ओलांडून शौचालयापर्यंत जाण्याची ती दोन मिनिटे अनेकांना महागात पडतात. वृद्धांनी उठल्यावर दोन मिनिटे अंथरुणातच बसावे. स्वेटर, टोपी, चप्पल घालूनच बाहेर पडावे. शक्य असेल तर रात्रीपुरते भांडे किंवा खुर्चीचा कमोड खोलीतच ठेवावा, त्यात संकोच कसला? रात्री उठायला नको म्हणून काही जण दुपारपासूनच पाणी पिणे सोडतात, तेही चुकीचे आहे. रक्तदाबाची गोळी हिवाळ्यात मनाने कमी-जास्त करू नये. एकदा दाब तपासून घ्यावा.

शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला शीतबाधा म्हणावे लागते. तापाच्या नेहमीच्या काचेच्या थर्मामीटरची पट्टीच बहुधा ३५ पासून सुरू होते, त्यामुळे तो येथे फसवतो. तुमचा हात हाच थर्मामीटर समजा. हात-पाय गार असणे नेहमीचे आहे, परंतु कपड्याखालचे पोट गार लागले तर ती धोक्याची खूण. बोलणे जड होणे, गुंगी, असंबद्ध वागणे, चालताना तोल जाणे आणि आधीचे कुडकुडणे थांबणे, ही पुढची लक्षणे. अशा वेळी ओले कपडे काढा, छाती-पोट आधी गुंडाळा, शुद्धीवर असतील तर गोड गरम चहा किंवा दूध द्या आणि १०८ ला फोन करा. हातपाय जोराने चोळू नका, शेगडीसमोर धरू नका. ब्रँडी तर मुळीच नको. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर गरम वाटते आणि आतली उष्णता मात्र बाहेर पडते.

माझी विनंती साधी आहे. या दोन महिन्यांपुरती घरातली झोपण्याची मांडणी बदला. आतली खोली आजीला द्या, नाही तर नातवंडांना त्यांच्या खोलीत झोपवा. माणसाच्या सोबतीची ऊब कोणत्याही हीटरपेक्षा स्वस्त असते.

तान्हे बाळ

म्हाताऱ्यांइतकेच, किंबहुना अधिक, जपायचे ते नवजात बाळाला. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असते, त्यामुळे ते भराभर गार पडते. त्याला नीट कुडकुडताही येत नाही. त्याचे डोके म्हणजे शरीराच्या एक पंचमांश पृष्ठभाग. म्हणून टोपडे ही हौस नसून औषध आहे. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असावे. तळपाय आणि पोट दोन्ही उबदार लागले तर ठीक. तळपाय गार आणि पोट उबदार, म्हणजे बाळाला थंडी लागते आहे. दोन्ही गार लागले, बाळ दूध ओढेना, रडणे क्षीण झाले तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

जन्मल्याबरोबर आंघोळ घालण्याची घाई करू नये, किमान २४ तास थांबावे. कमी वजनाच्या बाळाला तर आणखी थांबावे आणि डॉक्टरांना विचारावे. कोरडे पुसून, टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांना पांघरावे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी काचपेट्या अपुऱ्या पडत म्हणून ही पद्धत सुरू केली. तिला आज 'कांगारू पद्धत' म्हणतात आणि ती जगभर मान्य आहे. बाबा, आजी यांनीही आळीपाळीने बाळाला असे धरावे. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबदार ठेवणे हा त्यातला एक महत्त्वाचा भाग. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. यासाठी मोठे रुग्णालय लागले नाही, हे लक्षात घ्यावे.

खोलीतली शेगडी

आता त्या शेकोटीविषयी. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची पद्धत आहे. हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद करून घमेल्यात कोळसे किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांचे निखारे ठेवून झोपणारीही घरे आहेत. 'आता धूर नाही, फक्त निखारे आहेत,' असे म्हणून लोक निर्धास्त होतात. येथेच घात होतो.

जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूला घट्ट धरून ठेवते. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, हातपाय गळतात आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे सहलीला गेलेले केरळमधील आठ पर्यटक एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले, सकाळी बेशुद्धावस्थेत सापडले आणि आठही जण दगावले. त्यांत चार मुले होती.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी अशाच एका घरातली चार माणसे आली होती. पत्र्याच्या खोलीत फटी बुजवून त्यांनी शेगडी ठेवली होती. पहाटे सात-आठ वर्षांचा मुलगा लघवीसाठी उठला, दारापर्यंत जाऊन दार उघडून उंबऱ्यातच पडला. त्या उघड्या दारामुळे चौघे वाचली. बाप म्हणत होता, काल रात्रीचे भरीत बाधले असेल. एकाच खोलीतल्या सर्वांना सकाळी एकदम डोकेदुखी आणि उलट्या होत असतील तर भरताला दोष देण्याआधी शेगडी आठवावी.

म्हणून नियम एकच. झोपण्याच्या खोलीत काहीही जळते ठेवू नये. लाकूड, कोळसा, गोवरी, रॉकेल, गॅस, काहीही. खोली गरम करायचीच असेल तर दार उघडे ठेवून करावी आणि झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी. बाळंतिणीला शेक हवा असेल तर कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून वापरावी. ती बाळाच्या अंगाशी ठेवू नये, आणि मधुमेहींनी पायाशी घेऊन झोपू नये. पायाला भाजलेले त्यांना कळत नाही. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत नसावा. असेलच तर वरचा झरोका कायम उघडा ठेवावा, पाणी बादलीत भरून गिझर बंद करावा, मग आंघोळीला बसावे. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली तर दुरुस्ती करून घ्यावी. विजेच्या हीटरपासून हा वायू होत नाही, परंतु तो पांघरुणापासून चार हात दूर ठेवावा आणि झोपताना बंद करावा.

कोणाला बाधा झालीच तर आधी दारे उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा. रुग्णालयात प्राणवायू दिल्याने हा वायू रक्तातून लवकर बाहेर पडतो.

येथे एक शंका कोणी विचारील. वर तुम्हीच फटी बुजवायला सांगितल्या, आणि आता झरोका उघडा ठेवायला सांगता? शंका रास्त आहे. अंगावर येणारा झोत अडवायचा आहे, खोलीतला श्वास कोंडायचा नाही. म्हणून खालच्या, अंथरुणाच्या उंचीच्या फटी बंद करा आणि छताजवळचा एक झरोका उघडा राहू द्या. घरात क्षयाचा किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे अधिकच महत्त्वाचे.

शेवटी थोडक्यात

जेवणात बाजरीची, कळण्याची भाकरी, तीळ, शेंगदाणे, गूळ, डाळी असू द्या. शेगडीला इंधन हवेच. रात्रीचे जेवण टाळू नका. सतत थंडी वाजणाऱ्या स्त्रियांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, पुष्कळदा थंडी हवेत नसते, रक्तात असते. आणि पुढील पाच गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवा.

१. दिवसा ऊन आत घ्या, सूर्यास्ताआधी घर बंद करा.
२. पांघरुणाआधी अंथरूण जाड करा.
३. वृद्धांना आतली जागा द्या, रोज रात्री त्यांच्या पोटाला हात लावून पाहा.
४. बाळाला टोपडे, मोजे आणि आईची छाती.
५. झोपण्याच्या खोलीत निखारा नाही.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरात एक फेरी मारा. कोण कोठे झोपले आहे, त्याच्या खाली काय आहे, वर काय आहे आणि वारा कोठून येतो, एवढेच पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. या पाच मिनिटांनी तुमचे दवाखान्यातले काही हेलपाटे नक्की वाचतील.